भाग ४७ : आईचं ऑपरेशन झालं, आता पुढं काय? स्तनाच्या पुनर्रचनेबद्दल घरात बोलताना

(ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. अडखळणं थोडं कमी केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग रेकॉर्ड करायला मी तीनदा बसलो आणि दोनदा उठलो. विषय माझ्या आईचा आहे, आणि ज्या शब्दाभोवती तो फिरतो तो शब्द मी वयाची छत्तीस वर्षं आईसमोर कधी उच्चारला नव्हता. स्तन. आमच्याकडं 'छाती' म्हणतात. नाहीतर 'गाठ झालीय' एवढंच म्हणून थांबतात, कुठं झाली ते समोरच्यानं ओळखायचं. ज्या गोष्टीला घरात नावच नाही तिच्याबद्दल निर्णय कसा घ्यायचा, इथूनच आमची अडचण सुरू झाली.

आई मांजरसुंब्याला असते. बीडहून घाट चढून वर आलं की चौक लागतो तेच मांजरसुंबा. कपिलधारला जाणाऱ्यांना माहीत असेल. या चौकातून चार दिशांना रस्ते जातात, आणि निदान झाल्यावर मला कळलं की प्रत्येक रस्त्याच्या टोकाला एक दवाखाना आहे. बीडवरून पुढं छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. नेकनूर-केजच्या बाजूला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. चौसाळ्याकडून खाली येरमाळ्यावरून वळलं की बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. (देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली याच बार्शीत सुरू झाली.) आणि पाटोदा-जामखेडवरून नगर करत पुणे. आम्ही कुठं गेलो ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. आईचा डावा स्तन पूर्ण काढला, मग केमो झाली, मग शेक झाला. शेक म्हणजे रेडिएशन, आमच्याकडं 'लाईट घेतली' असंही म्हणतात. उपचार नीट झाले. फक्त या सगळ्या काळात 'पुनर्रचना' हा शब्द एकदाही कुणी काढला नाही. आम्हीही विचारला नाही, कारण असं काही असतं हेच माहीत नव्हतं.

ते कळलं ताईला, तिच्या पुण्यातल्या ऑफिसातल्या एका बाईंकडून. ताईनं मला सांगितलं आणि मी चूक केली. चार रात्री यूट्यूब बघितलं, वही भरली आणि पुढच्या शनिवारी गावी जाऊन आईला म्हणालो, "आई, आपण करून घेऊ. आता सगळं होतं."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय करायचंय रे ह्या वयात? पदर हाय की."

अण्णा बाजूला होते. ते म्हणाले, "डॉक्टर काय म्हणतील ते करू. तिला काय विचारायचंय?"

बघा, या एका मिनिटात काय काय झालं. मुलानं 'करू' ठरवलं, आईनं विषय पदराखाली झाकला, नवऱ्यानं तो डॉक्टरांकडं ढकलला. आणि ती नेमकं कशाला 'नाही' म्हणतेय हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं, कारण पर्याय कुणी सांगितलेच नव्हते. ते मला आज तुम्हाला सांगायचेत. मी डॉक्टर नाही. पण एका प्लास्टिक सर्जनसमोर दीड तास आणि एका कॅन्सर सर्जनसमोर दोनदा बसून जे समजून घेतलं ते सांगतो.

सगळ्यात आधी वेळेचं. आमचा समज होता की ऑपरेशन होऊन वर्ष झालं, आता गाडी गेली. तसं नसतं. पुनर्रचना स्तन काढतानाच करता येते, किंवा नंतर. नंतर म्हणजे काही महिन्यांनी, काही वर्षांनीसुद्धा. शेक द्यायचा असेल तर कित्येक सर्जन मुद्दाम थांबायला सांगतात, कारण शेकानं कातडी ताठर होते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो. शेक झाल्यावर साधारण सहा महिने ते वर्ष जाऊ देतात. तेव्हा कुणी 'लवकर ठरवा' म्हणून घाई करत असेल तर ती कशासाठी, हे विचारा. घाई कॅन्सरच्या उपचाराला असते, आणि ती असायलाच हवी. पुनर्रचनेपायी केमो लांबली असं होऊ द्यायचं नाही. दुसरी भीती म्हणजे, पुनर्रचना केली तर आजार उलटेल का? त्यानं कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढत नाही. तपासण्या मात्र ठरल्या वेळी चालू ठेवायच्या.

आता पर्याय. पहिला म्हणजे काहीच न करणं. हासुद्धा पूर्ण पर्याय आहे, हार मानणं नाही. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी एक गोष्ट आधीच सर्जनना सांगून ठेवावी : पुनर्रचना करायची नाहीये, तर छाती नीट सपाट शिवा. जादा कातडी, घड्या ठेवू नका. हे सांगावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याची गोष्ट पुढं येतेच.

दुसरा, बाहेरून लावायचा कृत्रिम स्तन. सिलिकॉनचा मिळतो, वजनाला खऱ्यासारखा. वजनाला महत्त्व आहे, कारण एकच बाजू जड राहिली की काही बायकांची मान आणि खांदा दुखत राहतो. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये सिलिकॉनखाली घाम धरतो, रोज धुवावं लागतं, आणि जखम पूर्ण भरल्याशिवाय लावायचं नाही. सुती धाग्यानं विणलेले हलकेही मिळतात. मुंबईची साइशा इंडिया फाउंडेशन असे विणून मोफत देते. हलके असल्यामुळं ते ब्लाऊजमध्ये वर सरकतात, म्हणून त्यांना धरून ठेवायला काहीतरी लागतं. आणि इथं एक अगदी घरगुती अडचण. हे सगळं ब्राच्या हिशोबानं बनलेलं आहे, आणि आमच्या आईच्या पिढीतल्या गावाकडच्या कितीतरी बायका ब्रा घालतच नाहीत, नुसता ब्लाऊज घालतात. यावर उपाय शिंप्याकडं निघाला : ब्लाऊजला आतून सुती कापडाचा खिसा. हे कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. तोवर आई दोन हातरुमाल घडी करून कोंबत होती.

तिसरा, इम्प्लांट. सिलिकॉनची पिशवी आत बसवतात. हे पहिल्यांदा झालं १९६२ साली अमेरिकेत, ह्यूस्टनला. ऑपरेशन त्यातल्या त्यात छोटं, दुसरीकडं कुठं चिरायचं नाही. पण कातडी पुरेशी नसेल तर आधी एक्सपांडर नावाचा फुगा बसवतात आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुईनं त्यात सलाईनचं पाणी भरत कातडी ताणतात. पुण्यात राहणाऱ्या बाईला हे ठीक. मांजरसुंब्याहून दर खेपेला यायचं तर एसटीचे दिवसभराचे हाल, सोबत एक माणूस, आणि त्या माणसाचा बुडालेला रोज. हा खर्च दवाखान्याच्या बिलात कधीच दिसत नाही. शिवाय इम्प्लांट जन्माचं नसतं. दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागू शकतं. आतून फुटलं तर बाहेर काही कळेलच असं नाही, म्हणून तपासत राहावं लागतं. शेक झालेल्या छातीत त्याच्याभोवती कडक कवच धरण्याचं, ते दुखण्याचं, आकार बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं. आईचा शेक झालेला, म्हणून सर्जननी हा पर्याय आमच्यापुरता खाली सरकवला. अजून एक : खडबडीत पृष्ठभागाचे काही इम्प्लांट २०१९ साली एका दुर्मिळ प्रकारच्या लिम्फोमामुळं बाजारातून परत घेतले गेले. तेव्हा कोणतं बसवणार, त्याचं नाव आणि नंबर लिहून मागा, आणि तो कागद जपून ठेवा.

चौथा, आपल्याच अंगाचं मांस-कातडी. याला फ्लॅप म्हणतात. ऐकताना अंगावर काटा येतो, पण कल्पना आपल्याला नवी नाही. १७९३ च्या आसपास पुण्यात कावसजी नावाचा एक माणूस होता, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं होतं. पुण्यातल्या एका देशी वैद्यानं त्याच्या कपाळाची कातडी, एका बाजूनं जोडलेलीच ठेवून, खाली वळवून नाक बनवलं. इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं आणि १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आलं. तिकडच्या सर्जनांनी ते वाचून प्रयोग सुरू केले. तत्त्व आजही तेच : मांस एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं, पण त्याचा रक्ताचा धागा तुटू द्यायचा नाही.

स्तनासाठी हे मुख्यतः दोन जागांवरून होतं. एक पाठीवरून, खांद्याखालच्या रुंद स्नायूसकट. तो रक्तवाहिनीला लटकताच ठेवून काखेखालून पुढं आणतात. दुसरी जागा पोट. पूर्वी पोटाचा स्नायूही घेत, आता शक्य तिथं फक्त कातडी-चरबी घेतात आणि तिच्या बारीक रक्तवाहिन्या छातीतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त. पहिले दोन दिवस तर तासातासाला येऊन रक्त चालू आहे का ते बघतात, बंद पडलं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. हे करणारी टीम मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणीच बघावी लागते. जमलं तर मात्र स्तन मऊ, आपलाच, वजनाबरोबर कमी-जास्त होणारा, आणि बदलायची भानगड नाही. तरी स्पर्श पहिल्यासारखा येत नाही, बराच भाग बधिर राहतो. हे आधी सांगायलाच हवं. स्तनाग्र नंतर वेगळ्या छोट्या ऑपरेशननं किंवा गोंदवून करतात.

आता वहीत नसलेला भाग. सर्जनना मी विचारलं, "यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?" ते माझ्याकडं न बघता आईकडं वळले. "मावशी, दिवसभरात काय काय करता?"

आईनं सांगितलं. पहाटे दोन हंडे. दोन म्हशी, त्यांचा चारा. कापूस वेचायला स्वतःच्या रानात. धुणं हातानं. वरच्या फळीवरचे डबे.

मग त्यांनी प्रत्येक पर्याय त्या कामांवर ठेवून दाखवला. पाठीचा स्नायू घेतला तर रोजचं बरंचसं होईल, पण हात वर करून जोर लावायला आणि ओढायला, म्हणजे दोर ओढणं, फळीवरचा जड डबा काढणं, ताकद कमी पडू शकते. पोटातून घेतलं तर दीड-दोन महिने हंडा बंद. पोटाची भिंत कमकुवत होऊन फुगवटा किंवा हर्निया होण्याचा धोका, स्नायू घेतला तर जास्त. काखेतल्या गाठी काढलेल्या असल्यामुळं डावा हात तसाही जपायचाच आहे, सूज येऊ शकते. घरात दोन महिने पाणी कोण भरेल? अण्णांनी चष्मा पुसायला घेतला. मी मोबाईल बघायला लागलो. ताई म्हणाली, "म्हणजे उत्तर मिळालं की." सर्जन हसले, मी नाही हसलो.

पुढचा प्रश्न होता, "पोटाचं आधी काही ऑपरेशन?" आईची पिशवी काढलेली आहे, बारा-तेरा वर्षांपूर्वी. कागद नाहीत. का काढली, तेही तिला आज धड सांगता येत नाही. "डॉक्टर म्हणले काढा, काढली." बीडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेले जिल्ह्याचे आकडे आठवा : ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आता वैद्यकीय मुद्दा एवढाच की पोटावरच्या जुन्या टाक्यांनी फ्लॅपच्या रक्तवाहिन्या तुटलेल्या असू शकतात, म्हणून आधी सीटी स्कॅन करून त्या बघतात. कुटुंबनियोजनाचं, सिझेरियनचं, पिशवीचं, जे झालं असेल ते सगळं सांगा. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. या बाईच्या शरीराचा एक निर्णय तिला न समजावता एकदा झालेला आहे, आणि त्या शनिवारी मी दुसरा तसाच करायला निघालो होतो. चांगल्या मनानं, वही घेऊन.

मिशरीचंही सांगतो, कारण ती आयांनी लपवायची वस्तू आहे. मिशरी म्हणजे तंबाखूच. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि फ्लॅपचा सगळा खेळ त्या वाहिन्यांवर. जखम न भरणं, कातडी काळी पडणं, हे तंबाखूवाल्यांत जास्त. किमान चार आठवडे आधी बंद लागते. आई सर्जनसमोर "कधीमधी" म्हणाली. ताईनं बाहेर आल्यावर डबी मागितली. साखर असेल तर तीही आधी ताब्यात आणायची, आणि टॅमॉक्सिफेनसारखी गोळी चालू असेल तर तिचं नाव सांगायचं, कारण तिनं रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. गोळी स्वतःहून मात्र बंद करायची नाही.

पैशाचं थोडक्यात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात आहेत. पुनर्रचनेचं कोणतं पॅकेज त्या दवाखान्यात मंजूर होतं, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. 'बघू नंतर' म्हणाले तर लेखी मागा.

परत त्या खोलीत येऊ. सगळं समजावून झाल्यावर सर्जननी एक साधी गोष्ट विचारली, जी आम्ही तिघांनी वर्षभरात विचारली नव्हती. "मावशी, तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो?"

आई गप्प. मग मला आणि अण्णांना म्हणाली, "तुमी जरा भायेर थांबा."

पुढचं मला ताईनं सांगितलं, आणि आईनं 'सांग' म्हटलं म्हणून मी इथं सांगतोय. दोन गोष्टी होत्या. एक, काखेच्या खाली, टाके संपतात तिथं कातडीची एक लोंबती घडी राहिलीय. ब्लाऊजची शिवण तिच्यावर घासते, उन्हाळ्यात सोलून निघतं, कापूस वेचताना हात पुढं-मागं झाला की आग होते. वर्षभर ती तिथं खोबरेल तेल लावत होती. दुसरी, वारी. आई दर दोन-तीन वर्षांनी आषाढीला पायी जायची. वाटेत बायका टँकरवर, नळावर एकत्रच आंघोळ करतात. "सगळ्याजणी बगतेल," एवढंच ती म्हणाली. मागच्या वर्षी गुडघ्याचं कारण सांगून राहिली होती. आम्ही गुडघ्याला बाम आणून दिला होता.

त्या घडीचं काय, तर ती काढता येते. छोटं काम, बहुतेक वेळा फक्त ती जागा बधिर करून होतं, आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. ऑपरेशनच्या वेळी नीट सपाट शिवण्याबद्दल मी वर जे म्हणालो ते यासाठीच.

आईनं ती काढून घ्यायचं ठरवलं. तिनं ठरवलं, आम्हाला नंतर सांगितलं. पोटाच्या फ्लॅपला सध्या 'नको' म्हणाली, पण या वेळचं 'नको' वेगळं होतं. "दोन महिने कोण करील? आन नऊ तास मी तिथं पडून राहू? पुढं वाटलं तर बघू." सर्जननी फाईलवर तसंच लिहिलं : रुग्णानं पर्याय समजून घेतले, सध्या इच्छा नाही, पुढं विचार करता येईल. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय.

तुम्ही मुलगा असाल आणि हा विषय काढायचा असेल, तर एवढंच सांगतो : बहिणीला, मावशीला, वहिनीला, जिच्याशी आई मोकळं बोलते तिला सोबत घ्या, आणि वेळ आली की खोलीबाहेर जा. नंतर आई सांगेल तेवढंच ऐका. बरं झालेल्या एखाद्या बाईशी आईची गाठ घालून देता आली तर फार उत्तम. फोटो दाखवायचेच झाले तर सर्जनना त्यांच्याकडचेच दाखवायला सांगा, चांगले जमलेले आणि न जमलेले दोन्ही. यूट्यूबवर फक्त जमलेलेच असतात.

घडी काढून आता पाच आठवडे झाले. टाके वाळलेत. चौकातल्या शिंप्याकडं तीन ब्लाऊज टाकलेत, खिसा आतून, डाव्या बाजूला. हे सांगायला आई स्वतः गेली नाही, ताई गेली. शिंप्यानं काही विचारलं नाही, फक्त माप दोनदा बघितलं. मिशरी पूर्ण सुटली का, तर नाही. आषाढीचं आई अजून काही बोललेली नाही, पण परवा फोनवर गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली, "त्याला काय झालंय?"

पुढच्या भागात काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला येणारी सूज आणि तिचे व्यायाम, यावर बोलू. प्रश्न असतील तर नेहमीसारखे आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, गावाचं सांगितलं तरी चालेल.